पहिली लक्झरी गाडी घेताय? शोरूमला जायच्या आधी पार्किंग मोजा

मी पुण्यात राहतो, नोकरी करतो, आणि २०२३ मध्ये तीन वर्षं जुनी जर्मन डिझेल सेडान घेतली. नवी असताना तिची ऑन-रोड किंमत ५० लाखाच्या आसपास होती, मला ती ३४ ला मिळाली. तेव्हापासून ऑफिसमधलं, नात्यातलं, सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारत असतं की आम्हालाही घ्यायचीये, सुरुवात कुठून करू. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं ते जरा जास्त लिहिलंय, आणि जे कुठेही विचारलं तरी कळतं ते पटकन उरकलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. गाडीची किंमत उतरते, गाडीचा खर्च उतरत नाही. ५० लाखाची गाडी तुम्हाला ३४ ला मिळाली, उद्या २० ला मिळेल, पण तिचा हेडलाईट, ब्रेक पॅड, टायर, काच हे सगळं ५० लाखाच्याच गाडीचं असतं आणि त्याच भावाने येतं. जुनी गाडी घेऊन जे लोक दोन वर्षांत वैतागून विकतात त्यातल्या बहुतेकांचं गणित इथेच चुकलेलं मी बघितलंय.

आधी वहीत हिशोब

माझ्या दुसऱ्या वर्षाचा खर्च जसाच्या तसा देतो, डिझेल सोडून. इन्शुरन्स ९२ हजार, सर्व्हिस ४६ हजार, दोन टायर ५६ हजार, पुढचे ब्रेक पॅड ३८ हजार, वाढीव वॉरंटी ८५ हजार, आणि अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव), वॉशिंग, वायपर असं किरकोळ १५ हजार. झाले ३ लाख ३२ हजार. म्हणजे महिन्याला साधारण २८ हजार, आणि ह्या वर्षात गाडी बिघडली अशी एकदाही नाही हे लक्षात घ्या. मी दिलेल्या ३४ लाखाच्या हिशोबाने हा खर्च जवळपास १० टक्के होतो आणि नव्या किमतीच्या हिशोबाने साडेसहा टक्क्यांच्या आसपास. मी आता सगळ्यांना हेच सांगतो की जुनी घ्या नाहीतर नवी, गाडीच्या नव्या किमतीच्या ६-७ टक्के दरवर्षी बाजूला ठेवायची तयारी हवी. नव्या गाडीला पहिली दोन-तीन वर्षं वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेजमुळे कमी लागतात, नंतर तिथेच येऊन पोचतं.

हे कागदावर पटत नसेल तर एक काम करा. जो ईएमआय बसणार आहे तो अधिक ३० हजार, एवढी रक्कम सहा महिने वेगळ्या खात्यात टाकून बघा. सहा महिन्यांत एकदाही त्या खात्याला हात लावायची वेळ आली नाही तर निवांत घ्या. आली तर एक पायरी खालची गाडी बघा, किंवा अजून वर्षभर थांबा. मी चार महिन्यांतच एकदा हात लावला होता, म्हणून मग नव्या गाडीचा विचार सोडून जुनीकडे वळलो आणि तो निर्णय बरोबर निघाला.

पार्किंग

हे काम शोरूमच्या आधी, मुद्दाम सांगतोय. पुण्या-मुंबईत नव्या सोसायट्यांमध्ये स्टॅक किंवा पझल पार्किंग, म्हणजे मशीनने गाड्या एकावर एक चढवणारं पार्किंग, असतं, त्याच्या खांबावर एक पाटी असते, तिच्यावर लांबी, रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती पाटी जाऊन वाचा, फोटो काढा. साध्या जर्मन सेडानसुद्धा पावणेपाच मीटरच्या आसपास लांब असतात, आरसे धरून रुंदी दोन मीटरच्या वर जाते, आणि मोठ्या एसयूव्ही सव्वादोन-अडीच टनाच्या घरात असतात, इलेक्ट्रिक तर बॅटरीमुळे अजून जड. जुन्या सिस्टिमवर बरेचदा दोन टनाच्या आसपासचीच मर्यादा असते. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी एसयूव्ही घरी आणल्यावर कळलं की ती वरच्या पॅलेटवर चढवता येत नाही आणि खालची जागा दुसऱ्याच्या नावावर आहे, आता ते महिना भाडं देऊन दुसऱ्या सोसायटीत गाडी लावतात.

बेसमेंटचा रॅम्प पण बघा. रॅम्प जिथे संपतो तिथे जो कोन होतो ना, तिथे लांब व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या गाडीचं पोट घासतं.

टेस्ट ड्राईव्हला घरच्यांना घेऊन जा

सेल्सवाला तुम्हाला चांगल्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊन जाईल. तुम्ही म्हणा, माझ्या घरापर्यंत जाऊ. पाच माणसं बसवा, मागची सीट भरली की गाडी मागून खाली बसते आणि मगच स्पीड ब्रेकरचं खरं कळतं. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट ब्रेकर माहिती असतोच, त्याच्यावरून न्या.

आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस सोबत हवंच. माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे, मला एक सेडान फार आवडली होती, पण आई बसताना म्हणाली, "अरे खड्ड्यात उतरल्यासारखं वाटतंय, आणि उठताना कुणीतरी हात द्यायला लागेल." मी ती सोडली आणि जरा उंच सीट असलेली दुसरी बघितली. आज आई त्या गाडीतून एकटी उतरते, मला त्याचं अजून बरं वाटतं. बाबांना पुढची सीट लागते, तर पुढे बसल्यावर त्यांचे पाय नीट सरळ होतात का तेही तेव्हाच बघून घेतलं.

नवी घेणार असाल तर

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला हे बहुतेकांना माहितीये. आधी मोठ्या गाड्यांवर २८ टक्के आणि वर सेस असं मिळून ५० टक्क्यांपर्यंत जायचं, आता २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि सरळ ४० टक्के आहे. इलेक्ट्रिकवर ५ टक्केच. पण ह्याच्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स येतो तो बाकीच्या बऱ्याच राज्यांपेक्षा जड आहे, २० लाखाच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. उदाहरणार्थ ६० लाख एक्स-शोरूमची डिझेल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर ९ लाख टॅक्स, कंपनीच्या नावावर १२ लाख. त्यामुळे धंदेवाल्यांनी आधी सीएशी बोलून घसाऱ्याचा फायदा आणि हा जास्तीचा टॅक्स समोरासमोर मांडून बघावा, नुसतं कुणीतरी सांगितलं म्हणून कंपनीच्या नावावर घेऊ नये.

१० लाखाच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने सरकारसाठी आगाऊ गोळा केलेला टॅक्स, लावतात, ६० लाखावर ६० हजार. हे पैसे जात नाहीत, रिटर्न भरताना तुमच्या टॅक्समध्ये वळते करता येतात, फक्त बिलावर पॅन बरोबर आहे ना ते बघा आणि नंतर २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी यादीत, एंट्री आली का तपासा. माझ्या माहितीतली दोन माणसं अशी आहेत ज्यांनी हे कधी मागितलंच नाही.

दुसरं म्हणजे गाडी इथे जोडलेली आहे की पूर्ण तयार होऊन बाहेरून आलेली. मर्सिडीजचा कारखाना आपल्या चाकणला आहे, ऑडी संभाजीनगरच्या शेंद्र्यात जोडली जाते, बीएमडब्ल्यू चेन्नईला. इथे जोडलेल्या मॉडेलवर आयात शुल्क खूप कमी लागतं, पूर्ण तयार आलेल्या गाडीवर ते इतकं असतं की किंमत दुपटीच्या आसपास जाते. किमतीचं तर आहेच, पण इथे जी मॉडेल भरपूर विकली जातात त्यांचे पार्ट लवकर मिळतात, बाहेरच्या मेकॅनिकांचाही त्यांच्यावर हात बसलेला असतो. पहिली गाडी असेल तर मी म्हणेन दुर्मिळ मॉडेलच्या नादाला लागू नका, रस्त्यावर जी चार दिसतात तीच घ्या.

भाव करताना लाजू नका. गुढीपाडवा, दसरा, धनत्रयोदशीला शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते, तेव्हा कोण कशाला कमी करेल. पितृपक्षात आपली माणसं गाडी घेत नाहीत, शोरूम रिकामं असतं, तेव्हा जाऊन बोलणी करून ठेवा, डिलिव्हरी हवी तर नवरात्रात घ्या. डिसेंबरमध्ये चालू वर्षाचा स्टॉक संपवायचा असतो, तेव्हाही चांगली सूट मिळते, पण त्या गाडीचं मॅन्युफॅक्चरिंग वर्ष आरसीवर कायम राहतं आणि विकताना एक वर्ष जुनी धरली जाते, म्हणून दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर डिसेंबरची सूट तेवढी मोठी हवी. आणि ओळखीतले दोघं-तिघं घेणारे असतील तर एकत्र जा. २०१० मध्ये औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, उद्योजक, डॉक्टर, बिल्डर सगळे मिळून, आणि सूटसुद्धा मिळवली, कर्जाचा दरही पाडून घेतला. दीडशे राहू द्या, तिघं गेलात तरी बोलण्याचा सूर बदलतो.

जुनी घेणार असाल तर

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घाला. तीन ते चार वर्षं जुनी, एका मालकाची, कंपनीची वॉरंटी अजून चालू असलेली किंवा वाढवता येणारी, एवढं जमलं तर उत्तम. कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दुकानं असतात, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस. बाहेरच्यापेक्षा लाख-दोन लाख जास्त जातात पण वॉरंटी सोबत येते, पहिल्यांदा घेणाऱ्याने ते पैसे द्यावेत असं माझं मत आहे. मी बाहेरून घेतली, एका मालकाकडून थेट, पण त्याच्यासाठी अकरा गाड्या बघितल्या. आणि भाव काढताना आजच्या नव्या गाडीचा भाव समोर ठेवा, जीएसटी कमी झाल्यावर नव्या स्वस्त झाल्या, पण काही विकणारे अजून जुन्या बिलावरून भाव सांगतात.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा, गरम लागला तर कुणीतरी थंड इंजिनचा आवाज लपवतंय. मग हे बघत जा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, २३२० म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा. सगळ्या काचांवर कंपनीची खूण आणि वर्ष सारखं आहे का बघा, एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर विचारा का बदलली. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १६० मायक्रॉनमध्ये असतो, एखाद्या दारावर ३००-४०० आलं तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय. बंपर रंगवलेला असणं काही मोठं नाही, शहरात चालतंच, पण छप्पर किंवा खांब रंगवलेला असेल तर सरळ मागे फिरा.

पुरातली गाडी ओळखायला शिका. पूर आला की गाड्या बुडतात, इन्शुरन्सवाले टोटल लॉस करतात, त्या लिलावात जातात आणि साफसूफ होऊन वेगळ्या गावात विकायला येतात. चेन्नईच्या २०१५ च्या पुरानंतर बऱ्याच महागड्या गाड्या अशा लिलावात निघाल्या होत्या, आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीने २०१९ मध्ये काय बघितलं ते आठवतच असेल. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ असते, ती कुणी धूत नाही. सीटखालच्या रेल्सला गंज, डिकीच्या तळाशी गाळ, एसी बंद करून काचा लावल्यावर येणारा कुबट वास. ह्यातलं एक जरी सापडलं तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका, कारण ह्या गाड्यांचे अर्धे कंट्रोल युनिट कार्पेटखालीच असतात.

मग अधिकृत वर्कशॉपमधून चासी नंबरवर सर्व्हिस हिस्ट्री काढायची. मालकालाच सोबत न्या म्हणजे अडचण येत नाही. त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं, मीटर मागे फिरवलेलं असेल तर तिथेच उघड पडतं. शेवटी स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलचे फॉल्ट कोड बघायचे. इथे एक बारीक गोष्ट आहे, विकणारा आदल्या दिवशी कोड पुसून ठेवतो आणि स्क्रीन स्वच्छ दिसते, म्हणून मेकॅनिकला सांगा की रेडिनेस मॉनिटर पण बघ, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का, ते अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. मला सातव्या गाडीत हेच सापडलं. ह्या सगळ्याला पाच-सात हजार जातात, ते देताना हात आखडू नका. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवून सकाळी चारही कोपरे सारखे आहेत का बघा, एक कोपरा बसलेला असेल तर तो खर्च लाखाच्या पुढचा आहे.

कागदपत्रं

वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे का, इन्शुरन्स, पीयूसी सगळं दिसतं. ई-चलन वेगळं तपासा, एक्स्प्रेसवेवरच्या कॅमेऱ्यांमुळे काही गाड्यांवर चांगली मोठी रक्कम साचलेली असते आणि ती न भरता ट्रान्सफर अडतं. फॉर्म २९ आणि ३० नावावर करायला, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर फॉर्म २८.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल सगळेच विचारतात. तिथे डिझेल गाडीला १० वर्षांचं आणि पेट्रोलला १५ वर्षांचं बंधन घातलं गेल्यामुळे डिझेल गाड्या खूप स्वस्त दिसतात. पण इथे आणली की १२ महिन्यांच्या आत इथलं रजिस्ट्रेशन करायला लागतं, महाराष्ट्राचा टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरायला लागतो, आणि तिथल्या टॅक्सचा परतावा मिळवणं वेगळंच काम. हे सगळं धरून फरक काढा, बरेचदा लाखभराचाच उरतो, आणि तेवढ्यासाठी न बघितलेल्या गावातली, हिस्ट्री नीट नसलेली गाडी घेऊ नये असं मला वाटतं.

इन्शुरन्स, इथे घाई नको

जुनी गाडी घेतलीत तर १४ दिवसांत पॉलिसी तुमच्या नावावर करायला कळवायचं. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या, अशा अवस्थेत अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे विकणाऱ्याचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही, पण तुमच्या जुन्या गाडीचा तुम्ही घेऊ शकता, त्याचं पत्र आधीच्या कंपनीकडून मागून घ्या.

झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर, घ्यायचंच, नाहीतर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी ह्यांचे क्लेममध्ये निम्मेच पैसे मिळतात आणि ह्या गाडीचा अर्धा पुढचा भाग प्लास्टिकच आहे. इंजिन प्रोटेक्ट पण घ्या. पावसात पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही परत स्टार्टर मारला की पाणी इंजिनात ओढलं जातं, रॉड वाकतात, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला किती इंजिनं अशी गेली. नियम एकच, पाण्यात बंद पडली की चावीला हात लावायचा नाही, टोइंगला फोन करायचा. नव्या गाडीला रिटर्न टू इनव्हॉइस घ्या, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर बिलाची किंमत मिळते. आणि आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) कमी करून प्रीमियम वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

डिलिव्हरीच्या दिवशी

पूजा, नारळ, लिंबू, पेढे हे सगळं करा, घरच्यांसाठी तो दिवस मोठा असतो. पण नवी गाडी असेल तर ती रजिस्ट्रेशन व्हायच्या आधीच यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघून घेतलेली असावी, चासी नंबर, किलोमीटर, टायरच्या तारखा, रंग. आरटीओत नंबर पडल्यावर तक्रार करून फार काही होत नाही. जुनी गाडी असेल तर दोन्ही चाव्या मोजून घ्या, दुसरी चावी बनवायची तर बरेच पैसे आणि आठवडे जातात. आणि जुन्या मालकाच्या फोनमधलं ॲप तुमच्यासमोर गाडीपासून तोडायला लावा, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहतं आणि काही गाड्या तर फोनवरून उघडतात सुद्धा.

रोजचं वापरणं

बीएस६ डिझेल असेल तर दोन गोष्टी. एक, अ‍ॅडब्लू. निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते, संपत आली की गाडी उरलेले किलोमीटर मोजून दाखवते आणि शून्य झालं की बंद केलेली गाडी परत चालू होत नाही. चुकून ते डिझेलच्या टाकीत गेलं तर इंजिन अजिबात चालू करू नका, तसंच टो करा. दुसरं, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. रोज घर ते ऑफिस पाच किलोमीटर जाणाऱ्याने खरंतर डिझेल घेऊच नये, काजळी साठत जाते. मी दर दहा-पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी तळेगावपर्यंत जाऊन येतो, अर्धा तास एका वेगात गाडी चालली की ती आपोआप साफ होते. गाडी उभी असताना आरपीएम जरा वर आणि बंद केल्यावर पंखा जोरात चालू दिसला तर समजा साफसफाई चालू होती आणि तुम्ही मध्येच तोडली, शक्य असेल तर अजून पंधरा मिनिटं चालवा. पेट्रोलवाल्यांनी टाकीच्या झाकणामागे ऑक्टेन आणि इथेनॉलचं काय लिहिलंय ते वाचावं, जुन्या गाडीला ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं की नाही ते तिथे किंवा मॅन्युअलमध्ये असतं.

टायर हा ह्या गाड्यांचा सगळ्यात नाजूक भाग. बाजूची भिंत बुटकी असते, पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, आणि एका दणक्यात फुगा येतो. बऱ्याच गाड्यांत रन-फ्लॅट टायर असतात, हवा गेली तरी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं, पण स्टेपनी नसते. माझं गणपतीत झालं, गावी जाताना संगमेश्वरच्या पुढे टायरची बाजू फाटली. आमच्या मापाचा टायर ना चिपळूणला मिळाला ना रत्नागिरीला, शेवटी पुण्यातल्या मित्राने विकत घेऊन एका ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून पाठवला, दोन दिवस गेले, आणि आई-बाबांना काकांच्या गाडीतून गावी पाठवलं. प्रतिष्ठापनेला मी नव्हतो, ते अजून मनात आहे. तेव्हापासून कोकणात जाताना डिकीत एक जुना पण चांगला टायर, हवेचा पंप आणि पंक्चर किट असतंच. समृद्धीवर जाणार असाल तर थंड टायरची हवा बघून निघा, दाराच्या खांबावर आकडा लिहिलेला असतो. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे आणि ७०१ किलोमीटरचं सलग तापलेलं काँक्रीट, जुना टायर असेल तर तिथे जाऊच नका.

पाऊस यायच्या आधी, मे संपताना, सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या साफ करून घ्या. गुलमोहराखाली गाडी उभी असेल तर पाकळ्यांनी त्या बुजतात आणि पाणी खांबातून उतरून पायाशी साचतं. मला वाटतं ह्या एका कामाने जितके पैसे वाचतात तितके कशानेच नाही, आणि खर्च शे-पाचशेचा. उंदरांचंही तेच, पावसात ते गरम बॉनेटमध्ये शिरतात, आठवड्याला एकदा उघडून बघा.

सोसायटीत बादली आणि एका फडक्याने गाडी पुसणारे दादा असतात, त्यांना मायेने सांगा की कोरडं फडकं मारू नका. धुळीवर फडकं फिरलं की काळ्या रंगावर गोल गोल ओरखडे उठतात. मी आमच्या दादांना दोन मायक्रोफायबर आणि वेगळी बादली आणून दिली आणि महिना दोनशे वाढवले, दोन वर्षांत रंग तसाच आहे.

सर्व्हिस

वॉरंटी आहे तोवर अधिकृत वर्कशॉप, त्यात चर्चा नको. एस्टिमेट आल्यावर प्रत्येक ओळ विचारा, आज करायलाच हवं की पुढच्या वेळी चालेल, आणि काढलेले जुने पार्ट दाखवायला सांगा. मला एकदा इंजिन डीकार्बनायझिंग, एसीचं फोमिंग आणि अंडरबॉडी कोटिंग असं मिळून २४ हजार लावलं होतं, कंपनीच्या सर्व्हिस यादीत ह्यातलं काहीच नव्हतं, नको म्हटलं आणि बिलातून गेलं. उलट गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला मी मुद्दाम सांगितलं, कारण ते आयुष्यभर चालतं असं सांगतात, पण झेडएफ नावाची कंपनी जी बऱ्याच जर्मन गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते ती स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांत बदला म्हणते. बॅटरी बाहेरून बदलायची असेल तर ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवणारा माणूस हवा, नुसती बसवून दिली तर चार्जिंगचा हिशोब बिघडतो.

वॉरंटी संपल्यावर फक्त ह्याच गाड्या करणारं चांगलं गॅरेज शोधून ठेवा, गाडी बिघडायच्या आधी. एकदा साधं ऑइल बदलायला जा, माणूस कसा बोलतो, बिल देतो का, स्कॅनर खरा आहे का ते तेव्हाच कळतं.

विकताना

पाचव्या वर्षाच्या आत, वॉरंटीचे निदान सहा महिने बाकी असताना विकायला काढा, भावात चांगला फरक पडतो. सगळी बिलं एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे, टायरचंसुद्धा. घेणारा माझ्यासारखाच अकरा गाड्या बघून आलेला असेल तर तो त्या फाइलचेच पैसे देतो. गाडी हातातून देण्याआधी फास्टॅग काढून बंद करा, ॲपमधून गाडी काढा, नॅव्हिगेशनमधला घरचा पत्ता आणि फोनबुक पुसा, आणि ट्रान्सफरच्या अर्जाची पोच स्वतःकडे ठेवा. वाहन पोर्टलवर नव्या मालकाचं नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला एकदा नंबर टाकून बघत राहा.